केसगळतीवर दुहेरी उपचार

सकाळी केस विंचरताना फणीत केसांचा पुंजका येऊ लागला की, पंचविशीतला तरुण धास्तावतो. लग्नाची बोलणी चालू असतील किंवा नोकरीची मुलाखत जवळ आली असेल, तर ही चिंता अधिकच बोचू लागते. मग कोणी सांगेल ते तेल आणि कोणी सुचवील तो लेप, असे प्रयोग सुरू होतात. त्यात पैसा तर जातोच. परंतु त्याहून मोलाचा वेळ जातो. टक्कल पडण्याच्या विकारात वेळीच केलेल्या उपचारांना जितके यश येते, तितके उशिरा केलेल्या उपचारांना येत नाही.

केसाचे आयुष्य

माणसाच्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. त्वचेतील ज्या सूक्ष्म पिशवीतून केस उगवतो, तिला केशपुटक म्हणतात. केस २ ते ६ वर्षे वाढतो, नंतर दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते आणि सुमारे तीन महिन्यांच्या विश्रांतीनंतर तो गळतो. त्याच जागी पुन्हा नवा केस उगवतो. यास्तव दररोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक होय.

विषमज्वर, डेंग्यू यांसारखे आजार किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम गळू लागतात. ही गळती बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते. लोहाची कमतरता, थायरॉइड ग्रंथीचा विकार आणि चाई यांमुळे होणारी केसगळतीही निराळी असते. सबब, कोणतेही औषध सुरू करण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञाकडून निदान करून घेणे, ही उपचारांची पहिली पायरी आहे.

टक्कल का पडते?

पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारे टक्कल हे आनुवंशिकता आणि पुरुषी हॉर्मोन यांच्या संयोगातून पडते. टेस्टोस्टेरॉन या हॉर्मोनचे रूपांतर एका एन्झाइमच्या साहाय्याने डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये होते. ज्यांची केशपुटके जन्मतःच या द्रव्याला संवेदनशील असतात, त्यांची ती हळूहळू आक्रसत जातात. दाट, राठ केसाच्या जागी बारीक लव येते आणि शेवटी तीही दिसेनाशी होते. डोमिनिकन प्रजासत्ताकातील एका खेड्यात हे एन्झाइम जन्मतः कमी असलेल्या व्यक्ती आढळल्या. त्यांच्यासंबंधीचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पुरुषांच्या कपाळावरील केसांची रेषा मागे हटत नाही, हे त्यातून दिसून आले. या एन्झाइमला आवर घालणारे औषध शोधण्यास त्यामुळे दिशा मिळाली.

दोन औषधे, दोन कामे

फिनास्टेराइड हे ते औषध होय. प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीवर ते अमेरिकेत १९९२ मध्ये मान्य झाले आणि १ मिलिग्रॅम मात्रेत पुरुषांच्या टक्कलावर १९९७ मध्ये. ते विकाराच्या मूळ कारणावर काम करते. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबावरील औषध. ते घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागल्याचे आढळले आणि त्यातून डोक्याला लावण्याचे द्रावण तयार झाले. १९८८ मध्ये त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. हे औषध हॉर्मोनला रोखत नाही. ते केसाच्या वाढीचा काळ लांबविते.

एक औषध ऱ्हास रोखते आणि दुसरे वाढीस चालना देते. म्हणून दोहोंची जोड देणे तर्कसंगत ठरते. दिल्ली येथे झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० पुरुषांवर चार प्रकारचे उपचार वर्षभर करण्यात आले. त्यांत ही दोन्ही औषधे एकत्र घेणाऱ्या गटात सर्वाधिक सुधारणा दिसून आली.

मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचारोगतज्ज्ञांनी आणखी एक जोड तपासून पाहिली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १०० पुरुषांचे दोन गट केले होते. दोन्ही गट मिनॉक्सिडिल लावीत होते. एका गटाच्या डोक्यावर आठवड्यातून एकदा सूक्ष्म सुयांचे रूळही फिरविण्यात आले. १२ आठवड्यांनंतर मोजणीसाठी निवडलेल्या जागेत त्या गटात सरासरी ९१ केस वाढले; केवळ द्रावण लावणाऱ्यांत २२. तथापि, हा प्रयोग अल्पकाळाचा होता. शिवाय, निर्जंतुक न केलेल्या सुया घरी वापरल्यास जंतुसंसर्गाचा धोका असतो.

धीर आणि दक्षता

मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिले काही आठवडे केस अधिक गळतात. जुने केस नव्यांना जागा करून देत असतात. परंतु हे ठाऊक नसल्याने अनेक जण घाबरून नेमके याच वेळी औषध सोडतात. परिणाम दिसण्यास चार ते सहा महिने आणि फिनास्टेराइडची पारख होण्यास सुमारे एक वर्ष लागते. औषधे थांबविल्यास मिळालेला लाभ काही महिन्यांत ओसरतो. म्हणजेच हा उपचार दीर्घकाळ चालवावा लागतो, त्याचा खर्चही तितकाच काळ सोसावा लागतो, हे आरंभीच जाणून घ्यावे.

फिनास्टेराइडमुळे काही पुरुषांत कामेच्छा मंदावते, काहींना मानसिक उदासीनता येते. असे झाल्यास तत्काळ डॉक्टरांना सांगावे. गरोदर स्त्रीने या औषधाची फुटलेली गोळी हाताळूही नये. पुरुष गर्भाच्या वाढीस त्यापासून धोका असतो. ही गोळी घेणाऱ्याने, ती थांबवून एक महिना होईपर्यंत रक्तदान करू नये. प्रोस्टेटसाठी केल्या जाणाऱ्या रक्तचाचणीचा आकडाही या गोळीमुळे सुमारे निम्म्याने कमी येतो. म्हणून चाचणीपूर्वी डॉक्टरांना कल्पना द्यावी. स्त्रियांच्या केसगळतीवर मिनॉक्सिडिल उपयोगी पडते. मात्र गरोदरपणी व अंगावर पाजत असताना ते टाळावे.

औषधे नियम, १९४५ यांच्या अनुसूची ‘जे’ मध्ये टक्कलाचा समावेश आहे. या अनुसूचीतील विकार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. टक्कल समूळ नाहीसे करण्याची हमी देणाऱ्या जाहिराती वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. वरील जोड-उपचारही अशी हमी देत नाहीत. जी केशपुटके अद्याप जिवंत आहेत, ती टिकविणे आणि त्यांतील काहींना पुन्हा बळ देणे, एवढेच त्यांना साधते. केस विरळ होऊ लागताच तज्ज्ञाचा सल्ला घेतल्यास हा लाभ पदरात पडू शकतो.