शृंगार आणि मुक्या जिवांचा हक्क

सौंदर्य अल्लाहला प्रिय आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण 'सहीह मुस्लिम'मध्ये आली आहे. म्हणून सुरमा, अत्तर, मेंदी यांना आपल्या घरांत मान आहे. तेव्हा शृंगार करावा की नाही, हा प्रश्नच नाही. तो कोणाच्या वेदनेवर उभा आहे, हा प्रश्न आहे.

१९४४ साली अमेरिकेत जॉन ड्रेझ यांनी मांडलेल्या चाचणीत सशाच्या डोळ्यात वा कातडीवर पदार्थ घालून दाह किती होतो, हे पाहिले जाते. सौंदर्यप्रसाधनांसाठी ती दीर्घकाळ वापरली गेली.

कोणी विचारील, आपण कुर्बानी करतो, मग सशाची एवढी चिंता का? उत्तर स्पष्ट आहे. ज़बह अल्लाहच्या अनुमतीने, त्याचे नाव घेऊन, धारदार सुरीने व कमीत कमी यातना देऊन करावयाचा असतो. याउलट, जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली. मांजरीला कोंडून उपाशी मारणारी स्त्री शिक्षेस पात्र ठरली, हे बुखारी व मुस्लिम दोघांनी नोंदविले आहे. शरीअतच्या अभ्यासकांनी मानवी गरजांच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: ज़रूरियात, हाजियात आणि तहसीनियात. औषध पहिल्या पायरीवर येऊ शकते. ओठांची लाली तिसऱ्या पायरीवरच राहते. शोभेसाठी जिवाला यातना देण्याचे समर्थन कसे करावे?

भारताने २०१४ साली प्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी बंद केली आणि त्यानंतर अशी चाचणी झालेल्या मालाची आयातही रोखली. परंतु आखातातून नातेवाईक बॅगेत घालून जी भेट आणतात, तिची पडताळणी आपणच करावयाची आहे. 'चाचणी नाही' हा दावा कधी केवळ तयार मालापुरता असतो, घटकद्रव्यांविषयी तो मौन पाळतो. उडी मारणाऱ्या सशाचे अधिकृत चिन्ह मात्र घटकद्रव्यांचाही विचार करते.

येथे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. चाचणी न झालेल्या वस्तूतही डुकराची चरबी असू शकते. आणि हलाल घटकांची वस्तूही प्राण्यांवर तपासलेली असू शकते. म्हणून दोन्ही पाहावे.

घरात असलेली प्रसाधने मात्र या कारणास्तव फेकू नयेत. तो इस्राफ होईल. वापरणाऱ्या भगिनीवर हरामचा शिक्काही मारू नये. पुढची खरेदी, विशेषतः लग्नाच्या बस्त्यासोबतची, विचारपूर्वक करावी.

मुक्या जिवांविषयी आपल्या अंतःकरणांत अल्लाह दया निर्माण करो. आमीन.