एकविसावे गुणसूत्र आणि नोंदींचे सामाईक कोठार

मनुष्याच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे आज शालेय पुस्तकात एका वाक्यात सांगितलेले असते. परंतु १९५६ सालापर्यंत शास्त्रज्ञ ती संख्या ४८ मानीत असत. त्जिओ व लेव्हान या संशोधकांनी त्या वर्षी ही समजूत दूर केली, आणि पुढे १९५९ च्या जानेवारीत पॅरिसहून एक लहानसा निबंध प्रसिद्ध झाला. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत ४७ गुणसूत्रे आढळतात, असे त्यात म्हटले होते. हे जादा गुणसूत्र एकविसाव्या जोडीतील तिसरे होय. इंग्लंडमधील डॉ. जॉन लँग्डन डाऊन यांनी या मुलांच्या लक्षणांचे वर्णन १८६६ सालीच केले होते. कारण कळण्यास ९३ वर्षे जावी लागली.

त्या निबंधामागची हकीकत विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावी. पेशी वाढविण्याचे किचकट काम मार्थ गोतिए या तरुण डॉक्टर बाईंनी अपुऱ्या साधनांनिशी केले. त्यासाठी लागणारा रक्तरस त्यांनी स्वतःच्याच रक्तातून काढला. जादा गुणसूत्र दिसले, पण त्याचे छायाचित्र घेण्याजोगे सूक्ष्मदर्शक यंत्र त्यांच्यापाशी नव्हते. जेरोम लेझ्यून यांनी त्यांच्या काचपट्ट्या छायाचित्रासाठी नेल्या. निबंध निघाला तेव्हा पहिले नाव लेझ्यून यांचे होते, आणि गोतिए बाईंचे नाव दुसरे व तेही चुकीचे छापलेले! शोधाचे श्रेय कोणाचे, हा वाद पुढे पन्नास वर्षांनी उघडपणे सुरू झाला. सामग्री कोणी तयार केली, कोणाच्या हाती गेली व कोणत्या अटीवर गेली, याची नोंद सामग्रीबरोबरच राहिली पाहिजे, असा आग्रह आजचे संशोधक धरतात. तो का, हे या एका उदाहरणावरून ध्यानात येईल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जादा गुणसूत्र तर सर्वांच्याच ठायी असते; मग त्याचे परिणाम इतके भिन्न का? सुमारे निम्म्या बालकांना जन्मतः हृदयदोष असतो, निम्म्यांना नसतो. बालपणी रक्ताचा कर्करोग इतरांपेक्षा अधिक आढळतो, परंतु मोठेपणी गाठींचे कर्करोग मात्र कमी. चाळिशीपर्यंत जवळजवळ सर्वांच्या मेंदूत अल्झायमर रोगाच्या खुणा दिसू लागतात, कारण त्या रोगाशी संबंधित एक जनुक एकविसाव्या गुणसूत्रावरच आहे. तरीही स्मृती कोणाची लवकर जाते, कोणाची पुष्कळ उशिरा. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास या व्यक्तींचे सरासरी आयुर्मान २५ वर्षे होते, ते आता ६० च्या आसपास पोचले आहे. त्यामुळे असे प्रश्न आता केवळ बालरोगतज्ज्ञांचे राहिलेले नाहीत.

एखाद्या रुग्णालयात अशी किती मुले येणार? पन्नास, फार तर शंभर. एवढ्यावरून वरील भेदांचा उलगडा होत नाही. हजारोंच्या नोंदी शेजारी शेजारी मांडाव्या लागतात, आणि खरी अडचण येथेच उद्भवते. एक डॉक्टर लिहितो ‘हृदयाच्या पडद्याला छिद्र’, दुसरा नुसताच ‘हृदयदोष’, तिसरा एखादे संक्षिप्त अक्षर. माणसाला यांतील संबंध कळतो. संगणकाला ही तीन वेगळी दुखणी वाटतात. तारखेचेच पाहा. जागतिक डाऊन सिंड्रोम दिन २१ मार्चला असतो, एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रती म्हणून. ती तारीख आपण २१/३ लिहितो, तर अमेरिकेत ३/२१. येथे घोटाळा होत नाही, कारण एकविसावा महिना नसतो. परंतु ५/४ अशी जन्मतारीख आली, तर एप्रिल समजावा की मे? म्हणून प्रत्येक लक्षणाला एक ठरीव नाव व क्रमांक देणारे कोश शास्त्रज्ञांनी तयार केले आहेत, आणि जुन्या नोंदी त्या साच्यात बसविणे हे स्वतंत्र कामच होऊन बसले आहे. हे काम कंटाळवाणे खरे, पण त्याची प्रतिष्ठा प्रयोगशाळेतील कामापेक्षा कमी मानण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

माहिती खुली ठेवण्याची प्रथा या क्षेत्रात नवी नाही. जनुकीय अक्षरमाला वाचून होताच ती २४ तासांत सर्वांपुढे ठेवावी, असे १९९६ साली बर्म्यूडा बेटावर ठरले होते. एकविसाव्या गुणसूत्राची सुमारे ३ कोटी ३५ लाख अक्षरे जपान व जर्मनीतील प्रयोगशाळांनी मिळून वाचली व २००० साली प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २०१३ मध्ये ‘डीएस-कनेक्ट’ ही नोंदवही उघडली. तीत कुटुंबे स्वतःच माहिती भरतात. २०१८ मध्ये ‘इन्क्लूड’ प्रकल्प सुरू झाला, आणि वेगवेगळ्या अभ्यासांतील नोंदी एकत्र आणणारे त्याचे कोठार २०२२ मध्ये संशोधकांना खुले झाले.

मात्र अक्षरमाला खुली करणे वेगळे आणि एखाद्या मुलाची प्रकृती खुली करणे वेगळे. कोठारात नावाऐवजी क्रमांक असतो, जन्मतारखेऐवजी वय. तथापि संपूर्ण जनुकीय माहिती ही बोटाच्या ठशासारखीच असते; नाव पुसले तरी माणूस पुरता पुसला जात नाही. म्हणून गोषवारा कोणालाही पाहता येतो, पण व्यक्तिगत नोंदी हव्या असल्यास संशोधकाला हेतू लिहून अर्ज करावा लागतो, व तो मान्य झाल्यावरच त्या मिळतात.

संमतीचा प्रश्न त्याहूनही नाजूक. मूल लहान असताना आईवडील सही करतात. तेच मूल पुढे तीस वर्षांचे होते, नोकरी करते, स्वतःचे मत सांगते. तेव्हा त्याला समजेल अशा सोप्या शब्दांत, लागल्यास चित्रांच्या साह्याने, पुन्हा विचारणे आवश्यक असते. त्याने नकार दिला, तर त्याच्या नोंदी पुढील संशोधकांना दिल्या जात नाहीत. परंतु आधीच ज्यांना दिल्या गेल्या, ज्यांवरून निबंध छापले गेले, त्या परत घेता येत नाहीत. आणि ही गोष्ट सही घेण्यापूर्वीच कुटुंबाला स्पष्ट सांगावी लागते.