आजचा धडा : पूररेषा आणि आपले घर

मुलांनो, आज आपण एक नवा शब्द शिकू या. शब्द आहे 'पूररेषा'. पुराचे पाणी जिथपर्यंत पसरू शकते, तिथपर्यंत नकाशावर काढलेली रेघ म्हणजे पूररेषा.

ज्यांचे आजी-आजोबा पुण्याचे आहेत, त्यांनी पुढच्या फोनवर 'पानशेतचा पूर' एवढेच म्हणून पाहा. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठा नदीचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. हजारो लोकांची घरे गेली.

महाराष्ट्रात आता नद्यांच्या काठी दोन पूररेषा आखतात. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, म्हणजे तिथे घर बांधायचे नाही. निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित, म्हणजे तिथे अटी पाळून आणि आधी परवानगी घेऊनच बांधायचे.

आता आपण राहतो त्या देशाकडे येऊ. अमेरिकेत 1968 साली राष्ट्रीय पूरविमा कायदा झाला. त्यात सरकारने गावांशी एक करार केला. गावाने पूरमैदानातल्या बांधकामावर नियम घालावेत आणि ते खरोखर पाळावेत, मग गावातल्या लोकांना या योजनेतून पुराचा विमा मिळेल. गावाने नियम पाळले नाहीत, तर त्याला योजनेतून काढता येते. पुराचे नकाशे 'फेमा' ही केंद्र सरकारची संस्था काढते, पण घराचा परवाना फेमा देत नाही. तो आपले शहर किंवा काउंटी देते. म्हणून नियम गावोगाव थोडे वेगळे असतात. फेमाच्या किमान नियमांपेक्षा कडक नियम करायला गावाला मोकळीक आहे.

ह्यूस्टनचे उदाहरण पाहा. शहर सपाट आहे आणि त्यातून 'बायू' नावाचे संथ ओढे वाहतात. 2015, 2016 आणि 2017 अशी सलग तीन वर्षे तिथे मोठे पूर आले. ऑगस्ट 2017 मधले हार्वी वादळ तर दिवसचे दिवस बरसत राहिले. त्याआधी शहराचा नियम असा होता की 100 वर्षांच्या पुराच्या पातळीपेक्षा घराचे जोते 1 फूट उंच हवे. हार्वीनंतर 2018 साली नगरपरिषदेत वाद झाला. घरे महाग होतील, असे काहींचे म्हणणे होते. शेवटी 9 विरुद्ध 7 मतांनी नवा नियम झाला. 1 सप्टेंबर 2018 पासून पूरमैदानातल्या नव्या घराचे जोते 500 वर्षांच्या पुराच्या पातळीपेक्षा 2 फूट उंच हवे.

इथे एक कोडे आहे. '100 वर्षांचा पूर' एकदा येऊन गेला, की पुढची 100 वर्षे निर्धास्त राहायचे का? मुळीच नाही! एका पिशवीत 99 पांढऱ्या गोट्या आणि 1 लाल गोटी घ्या. दर वर्षी न बघता एक गोटी काढा आणि परत आत टाका. लाल आली तर पूर. ती लागोपाठ दोन वर्षेही येऊ शकते. घराचे कर्ज बहुधा 30 वर्षांचे असते. त्या 30 वर्षांत लाल गोटी निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के, म्हणजे चारांत एक. आता ही रेषा लहान वाटते का?

"आपली जमीन, आपले पैसे, मग परवाना कशाला?" असे कुणी विचारेल. पुराचे पाणी पसरायला जागा शोधते. एकाने भराव घालून अंगण उंच केले, तर तिथले पाणी शेजाऱ्याच्या घरात जाते. म्हणून मुख्य प्रवाहाच्या पट्ट्यात, पुराची पातळी वाढणार नाही हे अभियंत्याने हिशेबाने दाखवल्याशिवाय परवाना मिळत नाही. परवाना आपल्या घरासाठी असतो, तसाच शेजाऱ्याच्या घरासाठीही असतो.

आई-बाबांसाठी
1. घर घेण्यापूर्वी फेमाचा नकाशा पाहा. मग शहराच्या किंवा काउंटीच्या कार्यालयात पूरमैदानाचे काम कोण पाहते ते विचारा.
2. नव्या घरालाच परवाना लागतो असे नाही. पूरमैदानात भराव, खोदकाम, मागच्या अंगणातली शेड यांसाठीही आधी विचारावे.
3. जुन्या घराच्या दुरुस्तीचा खर्च घराच्या (जमीन सोडून) बाजारभावाच्या निम्मा किंवा जास्त झाला, तर सारे घर आजच्या नियमांत बसवावे लागते. पूर ओसरल्यावर घाईने काम सुरू करणाऱ्यांना हे उशिरा कळते.
4. नेहमीच्या घरविम्यात पुराचे नुकसान सहसा धरत नाहीत. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो.

शब्दार्थ
पूरमैदान – पूर आल्यावर पाण्याखाली जाणारी नदीकाठची जमीन
जोते – घराचा पाया जमिनीवर जिथपर्यंत येतो तो भाग. त्यावर भिंती उभ्या राहतात
भराव – जमीन उंच करण्यासाठी टाकलेली माती
निषिद्ध – मनाई असलेले

स्वाध्याय
अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
1. निळी आणि लाल रेषा यांत फरक काय?
2. अमेरिकेत पूरमैदानात घर बांधण्याचा परवाना कोण देते?
3. तुमच्या मते ह्यूस्टनचा नवा नियम योग्य आहे का? का?
आ) वाक्यात उपयोग करा : परवाना, भराव, शेजारी.
इ) आई-बाबांबरोबर आपल्या घराजवळचा ओढा किंवा नदी नकाशावर शोधा. तिचे नाव लिहा आणि आपले घर पूररेषेच्या आत आहे की बाहेर, ते पुढच्या वर्गात सांगा.