'रीसर्फिस' : वर येणारे क्रियापद

प्रथम वर्षात असताना इंग्रजीच्या तासाला सरांनी भाषांतरासाठी फळ्यावर एक साधे वाक्य लिहिले : 'द रोड वॉज रीसर्फिस्ट लास्ट यिअर.' 'री' म्हणजे पुन्हा आणि 'सर्फिस' म्हणजे पृष्ठभाग, एवढे मला ठाऊक होते. मी धीटपणे उभी राहिले आणि सांगितले, "गेल्या वर्षी रस्ता पुन्हा वर आला." सारा वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. "वाक्य चुकले, पण शब्द सगळा चुकलेला नाही. कोश उघडून पाहा," एवढेच म्हणाले.

मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. माझे वडील डांबरी रस्त्याच्या कामावर मजुरी करतात. म्हणजे जी क्रिया आमच्या घराला रोजची आहे, तीच मला इंग्रजी नावाने ओळखता आली नाही. संध्याकाळी वडिलांना विचारले, तर ते म्हणाले, "त्याला आम्ही कारपेट म्हणतो." जुना रस्ता झाडायचा, त्यावर पातळ डांबराचा हात मारायचा, डांबरात घोळलेली गरम खडी पसरायची, रोलर फिरवायचा आणि शेवटी सीलकोट. रस्ता वर येत नाही; त्याच्यावर नवा थर येतो. हा झाला 'रीसर्फिस'चा सकर्मक अर्थ. करणारा कोणीतरी असतो आणि ज्यावर थर द्यायचा ते कर्म असते.

(जाता जाता उच्चाराविषयी. आपण सर्रास 'सरफेस' म्हणतो. इंग्रजीत शेवट 'फेस' असा न होता 'फिस' असा होतो आणि आघात 'सर्' वर येतो. मूळ फ्रेंच शब्दात मात्र 'सुर' म्हणजे वर आणि 'फास' म्हणजे चेहरा, असे दोन तुकडे स्पष्ट दिसतात.)

दुसरा अर्थ अकर्मक आहे आणि माझी चूक तिथून आली होती. पाण्याखाली गेलेली पाणबुडी पुन्हा वर येते, ती 'रीसर्फिस' होते. मग पाणी सोडून हा शब्द माणसांत आला. विसरलेली अफवा, जुने भांडण, हरवलेली कागदपत्रे, सारे काही इंग्रजीत 'रीसर्फिस' होते. मराठीत या सर्वांना एकच शब्द पुरत नाही. अफवा पुन्हा डोके वर काढते, वैर उफाळून येते, कागदपत्रे हाती लागतात. आणि बरेच दिवस तोंड न दाखवलेला मित्र अचानक दारात उभा राहिला, तर आपण म्हणतो, "अरे, कुठे उगवलास?"

माणसाबद्दल वापरताना मात्र जपावे. नुसते परत येण्याला 'रिटर्न' पुरेसे आहे. 'रीसर्फिस' म्हटले की मध्यंतरी हा कुठे दडला होता, अशी शंका त्यात येते. रजेच्या अर्जात 'आय शॅल रीसर्फिस ऑन मंडे' असे कोणी लिहू नये! 'रीअपिअर'शीही याची गल्लत होते. ढगाआडून चंद्र पुन्हा दिसतो, तिथे 'रीअपिअर' हवे. कारण चंद्र काही कशाच्या खाली बुडालेला नसतो.

आता ज्या उदाहरणासाठी हा लेख लिहावासा वाटला, ते सांगते. भीमेवर उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्यात इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने गाव गेले आणि पळसनाथाचे दगडी देऊळही पाण्यात गेले. धरणात एकूण 117 टीएमसी पाणी मावते. दुष्काळात साठा फार खाली गेला की ते देऊळ उघड्यावर येते. 2024 च्या उन्हाळ्यात असेच झाले. माझी आजी याच भागातल्या एका बुडालेल्या गावची. तिथे ती सून म्हणून आली होती. त्या उन्हाळ्यात आम्ही तिला देऊळ दाखवायला नेले. भेगाळलेल्या गाळातून ती माझा हात धरून चालत होती. मी उत्साहाने म्हणाले, "आजी, बघ, देऊळ वर आलं!"

ती म्हणाली, "आगं, देऊळ कशाला वर येतंय? ते हाय तितंच हाय. पाणी खाली गेलंया."

कोश उघडल्यावर मला हे वाक्य आठवले. 'द टेम्पल हॅज रीसर्फिस्ट' असे इंग्रजी वर्तमानपत्र लिहील आणि व्याकरणाने ते बरोबरच आहे. पण त्यात कर्ता देऊळ आहे, जणू ते पाणबुडीसारखे आपणहून वर आले. हलले ते पाणी, आणि पाण्याचा वाक्यात उल्लेखच नाही. आमच्याकडे लोक 'देऊळ उघडं पडलं' म्हणतात. माझ्या मते हे अधिक खरे आहे. अफवेचेही तसेच. ती 'वर आली' असे वाचले की मी आता विचारते, पाणी कोणी सोडले?

एकाच शब्दाचे दोन अर्थ एकमेकांच्या उलट जातात, हेही मला नवल वाटले. वडिलांचा 'रीसर्फिस' झाकतो आणि आजीचा उघडा पाडतो. दोन्ही अर्थ एकत्र यावेत म्हणून मी वहीत एक वाक्य तयार केले : 'द रोड वॉज रीसर्फिस्ट इन मे; इन जुलै द पॉटहोल्स रीसर्फिस्ट.' मे महिन्यात रस्त्यावर थर दिला, जुलैत खड्डे वर आले. सरांनी त्याखाली बरोबरची खूण केली. वडिलांना अर्थ सांगितला तेव्हा ते हसले नाहीत. "थर पातळ दिला की व्हायचंच," म्हणाले, "पण थर किती द्यायचा, हे आम्हाला कोण विचारतंय?"