विममधल्या उघड्या फायलींचा हिशेब

विम एडिटर फाइल उघडतो म्हणजे तिची प्रत मेमरीत आणतो. या प्रतीला बफर म्हणतात. बफर पडद्यावर दिसतो ती चौकट म्हणजे विंडो, आणि अशा विंडोंची एक मांडणी म्हणजे टॅब पेज. एकच बफर दोन विंडोंत दिसू शकतो, तसाच तो एकाही विंडोत नसून मेमरीत बसून राहू शकतो. पंधरा-वीस फायली उघडून काम करणाऱ्यांचा गोंधळ होतो तो बहुधा या तिन्हींतला फरक लक्षात न घेतल्यामुळे, आणि गोंधळ झाला की सेटिंगची फाइल वाढत जाते. विमआरसीत, म्हणजे या सेटिंगच्या फायलीत, भराभर ओळी घालण्याआधी हा फरक पक्का करून घ्यावा.

बिल जॉय यांनी बर्कलीत १९७६ साली व्हीआय लिहिला. ब्राम मोलेनार यांनी त्याच धर्तीवर केलेला विम १९९१ साली लोकांपर्यंत पोहोचला. टॅब पेज मात्र २००६ सालच्या ७.० आवृत्तीत आले. त्याआधीची पंधरा वर्षे लोक बफरच्याच जोरावर मोठमोठे प्रकल्प सांभाळत होते. ब्राउझरची सवय असलेला माणूस विममध्ये येतो तेव्हा एक टॅब म्हणजे एक फाइल असे धरून चालतो आणि त्याच समजुतीवर सगळी सेटिंग रचतो. मग टॅब बंद केला तरी फाइल बफरच्या यादीत तशीच दिसते. ‘-पी’ हा पर्याय देऊन चौदा फायली उघडायला सांगितल्या तर जुन्या आवृत्त्यांत टॅब दहाच उघडतात, कारण मूळ सेटिंगमध्ये वर्षानुवर्षे मर्यादा दहाची होती. उरलेल्या चार फायली नावाने यादीत असतात, पण समोर नसतात. एडिटर बिघडला असे त्याला वाटते, प्रत्यक्षात तो नेमून दिल्याप्रमाणे वागत असतो. टॅब पेज वापरावे ते कामाच्या मांडणीसाठी: एका पेजवर कोड आणि त्याची चाचणी शेजारी शेजारी, दुसऱ्यावर नोंदी. फायलींचा हिशेब बफरच्या यादीतच ठेवावा.

ही यादी ‘:एलएस’ या कमांडने दिसते. ती वाचायला पाच मिनिटांत शिकता येते आणि पुढचे बरेच प्लगइन त्यामुळे अनावश्यक ठरतात. प्रत्येक ओळीत आधी बफरचा क्रमांक, मग काही खुणा, मग नाव आणि शेवटी कर्सर ज्या ओळीवर होता तिचा आकडा असतो. टक्क्याची खूण सध्याच्या बफरला, ‘#’ ही खूण त्याआधी ज्यात काम चालले होते त्याला. ‘ए’ म्हणजे विंडोत दिसत असलेला, ‘एच’ म्हणजे मेमरीत आहे पण दिसत नाही असा. अधिकची खूण सर्वांत महत्त्वाची: त्या बफरमध्ये सेव्ह न केलेला बदल आहे. एकाच ओळीत ‘एच’ आणि अधिक दोन्ही दिसले, तर डोळ्यांआड एक अर्धवट काम पडून आहे असा त्याचा अर्थ. नव्या आवृत्त्यांत ‘:एलएस +’ असे लिहिले तर सेव्ह न केलेले तेवढेच बफर दिसतात. दिवसातून दोन-चारदा, निदान जेवायला उठण्यापूर्वी, ही यादी पाहण्याची सवय कोणत्याही प्लगइनपेक्षा जास्त उपयोगी पडते.

डोळ्यांआडचे हे काम ‘हिडन’ या सेटिंगमुळे तयार होते. विमच्या मूळ सेटिंगमध्ये ते बंद असते, विमवरूनच बेतलेल्या निओविममध्ये २०२१ पासून चालू. बंद असताना सेव्ह न करता दुसऱ्या फायलीकडे जाऊ लागले की विम अडवतो आणि बदल सेव्ह केलेला नाही, जायचेच असेल तर उद्गारचिन्ह लावा, असे सुचवतो. अनेक फायलींत काम करणाऱ्याला हे दर मिनिटाला अडणे परवडत नाही. म्हणून ‘सेट हिडन’ ही ओळ बहुतेकांच्या विमआरसीत पहिल्या आठवड्यातच येते, आणि यायलाही हवी. पण ती एकटी घेऊ नये.

संध्याकाळी काम संपवताना काय होते ते पाहण्यासारखे आहे. माणूस ‘:क्यूए’ देतो. सकाळी कुठल्याशा फायलीत दोन ओळी बदलून तो पुढे गेलेला असतो, त्यामुळे विम बाहेर पडायला नकार देतो आणि त्या फायलीचे नाव सांगतो. दिवसभराच्या कामात ती फाइल आठवत नाही, चुकून एखादी कळ दाबली गेली असेल असे वाटते, आणि हात सवयीने ‘:क्यूए!’ लिहितो. त्या एका चिन्हाने यादीतल्या प्रत्येक बफरमधला न साठवलेला बदल जातो, फक्त नाव दिसलेल्या फायलीतला नव्हे. यातली खरी अडचण अशी की हे परत मिळत नाही. वीज गेली किंवा टर्मिनल अचानक बंद पडले, तर विमची स्वॅप फाइल डिस्कवर उरते आणि तिच्यातून बरेचसे काम वाचवता येते. उद्गारचिन्ह देऊन बाहेर पडणे हे मात्र रीतसर बाहेर पडणे धरले जाते, आणि रीतसर बाहेर पडताना विम स्वॅप फाइल पुसून टाकतो. २०१० च्या ७.३ आवृत्तीत आलेली कायमस्वरूपी अनडूची सोयही इथे कामाला येत नाही, कारण तिची नोंद फाइल सेव्ह होतानाच होते.

यावरचा उपाय एका ओळीचा आहे. ‘सेट हिडन’च्या खाली ‘सेट कन्फर्म’ लिहावे. मग विम नकार देऊन थांबत नाही, तर फायलीचे नाव घेऊन विचारतो: सेव्ह करायचे, सोडून द्यायचे, सगळेच सेव्ह करायचे की परत फिरायचे. प्रश्नाला उत्तर द्यावे लागत असल्याने हात आपोआप उद्गारचिन्हाकडे जात नाही. शिवाय या चिन्हाचा अर्थ सगळीकडे सारखा नाही. ‘:बी’ला ते जोडले तर सध्याचा बफर नुसता लपतो, बदल शाबूत राहतो. ‘हिडन’ बंद असताना ‘:ई’ला जोडले तर सध्याच्या बफरमधला बदल टाकून दिला जातो. दोन्ही कमांडी माणूस दुसऱ्या फायलीकडे जाण्यासाठीच वापरतो, परिणाम मात्र उलटे. म्हणून एका फायलीवरून दुसरीवर जाण्यासाठी उद्गारचिन्ह वापरूच नये.

पडद्याच्या तळाची स्टेटस लाइन हीही हिशेबाचीच जागा. मूळ सेटिंगमध्ये एकच विंडो असेल तर विम ती दाखवत नाही. ‘लास्टस्टेटस’ची किंमत २ केली की ती कायम दिसते. तिच्यात काय असावे याबद्दल लोक फार हौस करतात: रंगीत पट्ट्या, बाणाच्या आकाराची चिन्हे, घड्याळ. गरज चारच गोष्टींची असते. बफरचा क्रमांक, फायलीचा मार्ग, बदल झाल्याची खूण आणि ओळीचा आकडा. मार्ग दाखवताना नुसते शेवटचे नाव दाखवणारे चिन्ह वापरू नये. कारण साधे आहे. जँगोच्या प्रकल्पात प्रत्येक अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये एक ‘मॉडेल्स’, एक ‘व्ह्यूज’, एक ‘यूआरएल्स’ अशा त्याच त्या नावांच्या फायली असतात. सहा अ‍ॅप असतील तर ‘मॉडेल्स’ सहा. तळाशी नुसते ‘मॉडेल्स’ दिसत असेल तर ऑर्डरच्या तक्त्यात घालायचा रकाना ग्राहकांच्या तक्त्यात जातो, आणि चूक उघडकीला येते ती डेटाबेसचे मायग्रेशन चालवताना. निदान फोल्डरचे नाव दिसलेच पाहिजे. ओळ लांबली तर डावीकडून कापली जावी आणि फायलीचे नाव शाबूत राहावे, अशी खूणही स्टेटस लाइनमध्ये घालता येते.

सारख्या नावांचा त्रास बफर बदलतानाही होतो. ‘:बी मॉडेल्स’ लिहिले तर अनेक नावे जुळतात असे सांगून विम थांबतो. मात्र नावाचा कोणताही तुकडा त्याला चालतो, मध्ये ताराही चालतो. ‘:बी ऑर्डर्स*मॉडेल्स’ एवढ्याने नेमकी फाइल समोर येते. दोनच फायलींत ये-जा असेल तर नाव लिहायचीही गरज नाही. कंट्रोल आणि ६ दाबले की आधीचा बफर येतो, पुन्हा दाबले की परत. यात भर घालायचीच असेल तर एकच की नेमावी: ती दाबताच ‘:एलएस’ची यादी दिसावी आणि खाली ‘:बी’ लिहून कर्सर थांबावा. यादीतला क्रमांक टाइप करून एंटर दिले की काम झाले. चालू असेपर्यंत विम बफरचा क्रमांक बदलत नाही, त्यामुळे दुपारपर्यंत नेहमीच्या फायलींचे आकडे तोंडपाठ होतात.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी इथे एक वेगळी सूचना आहे. फायलींची नावे देवनागरीत ठेवली तर विम ती नीट उघडतो, पण बफर बदलताना दर वेळी कीबोर्ड बदलावा लागतो. आणि कीबोर्ड देवनागरीवर राहिला तर नॉर्मल मोडमधल्या कमांडीच चालत नाहीत. नावे रोमनमध्ये आणि मजकूर देवनागरीत ठेवणे सोयीचे. विमचे स्वतःचे ‘कीमॅप’ हे सेटिंग वापरले तर देवनागरी फक्त लिहितानाच लागू होते आणि एस्केप दाबताच रोमन अक्षरे परत येतात. संगणकाचा कीबोर्ड बदलत बसण्यापेक्षा हे कितीतरी सुखाचे.

यादी आटोपशीर ठेवणे हे पुढचे काम. ‘:बीडी’ने बफर यादीतून जातो, पण त्याबरोबर त्याची विंडोही मिटते आणि काळजीपूर्वक लावलेली मांडणी मोडते. म्हणून आधी मागच्या बफरवर जाऊन मग पहिला काढायचा, असा दोन कमांडींचा जोड एका कीवर ठेवतात. हा जोड ठेवण्यासारखा आहे.

यादी लांबली की धोका वाढतो तो सगळ्या फायलींत एकदम बदल करताना. ‘:बफडू’ ही कमांड यादीतल्या प्रत्येक बफरवर दिलेली क्रिया करते. एखाद्या फंक्शनचे नाव बदलायचे म्हणून ती चालवली, तर सहज संदर्भासाठी उघडलेली लायब्ररीची फाइल, जुनी टिपणे, सर्व्हरची कॉन्फिगरेशन फाइल, सगळीकडे बदल होतो. आणि सेव्ह करण्याची कमांड सोबत जोडली असेल तर तो डिस्कवरही जातो. अशा कामासाठी विममध्ये आर्ग्युमेंटची वेगळी यादी आहे. ‘:आर्ग्ज’ने ती पाहायची, नेमक्या फायली तिच्यात घालायच्या आणि मग ‘:आर्गडू’ चालवायची. बफरच्या यादीत जे जे उघडले ते सगळे येते, आर्ग्युमेंटच्या यादीत जाणीवपूर्वक निवडलेले तेवढेच. बदल नेहमी दुसऱ्या यादीवरच करावा.

मेमरीतली प्रत आणि डिस्कवरची फाइल यांची फारकत होणे ही आणखी एक नेहमीची अडचण. गिटमध्ये शाखा बदलली की डिस्कवरच्या डझनभर फायली क्षणात बदलतात, विमच्या बफरमध्ये मात्र जुन्या शाखेचा मजकूर असतो. ‘ऑटोरीड’ चालू केले की आपोआप सगळे ताजे होईल असे वाटते. टर्मिनलमध्ये तसे होत नाही. काही निमित्त घडल्याशिवाय विम डिस्क तपासतच नाही. शाखा बदलल्यावर ‘:चेकटाइम’ द्यावी, किंवा विंडोत परत येताच ती चालेल अशी ऑटोकमांड लिहावी. ज्या बफरमध्ये न साठवलेला बदल आहे तो मात्र ‘ऑटोरीड’ बदलत नाही. तिथे विम इशारा देतो, आणि तो इशारा वाचल्याशिवाय एंटर दाबू नये. दोन टर्मिनलांत तीच फाइल उघडली तर स्वॅप फायलीची सूचना येते. तेव्हा ‘तरीही संपादन करा’ हा पर्याय घेण्याऐवजी बाहेर पडून पहिले टर्मिनल शोधावे.

काम जसे सोडले तसे दुसऱ्या दिवशी परत मिळावे यासाठी ‘:एमकेसेशन’ आहे. ती फायलींची नावे, विंडोंची मांडणी, चालू फोल्डर लिहून ठेवते. न साठवलेला मजकूर ठेवत नाही, हे पुष्कळांना उशिरा कळते. दुसरी अडचण अधिक छुपी आहे. विमच्या मूळ सेटिंगमध्ये सेशनच्या फायलीत त्या वेळचे पर्याय आणि कीची नेमणूकही लिहिली जाते. पुढे विमआरसी बदलली आणि जुने सेशन उघडले की जुनीच सेटिंग परत येतात. तासभर शोधूनही विमआरसीत चूक सापडत नाही, कारण ती तिथे नसतेच. ‘सेशनऑप्शन्स’मधून ‘ऑप्शन्स’ हा शब्द काढून टाकला की हा प्रश्न संपतो. निओविमने तो आपणहून काढला आहे.

प्लगइनची निंदा करण्याचे कारण नाही. हजारो फायलींच्या प्रकल्पात न उघडलेली फाइल नावाच्या दोन-चार अक्षरांवरून शोधायला एफझेडएफसारखे साधन उत्तम. पण ते शोधण्यासाठी आहे, हिशेबासाठी नव्हे. काही बिघडल्यासारखे वाटले तर ‘--क्लीन’ हा पर्याय देऊन विम उघडावा. तेव्हा विमआरसी आणि प्लगइन बाजूला राहतात, आणि दोष विमचा की घातलेल्या ओळींचा हे लगेच कळते. एका दिवशी एकच नवी ओळ घालावी, म्हणजे दोषी ओळ शोधावी लागत नाही.

डेबियन किंवा उबुंटूच्या सर्व्हरवर बहुधा ‘विम-टायनी’ ही लहान आवृत्ती असते. तिच्यात प्लगइन चालत नाहीत, आपली विमआरसीही तिथे नसते. ‘:एलएस’, ‘:बी’ आणि कंट्रोल-६ मात्र तिथेही चालतात. नव्याने विम शिकणाऱ्यांनी आधी महिनाभर एवढ्यावरच काम करावे, आणि मगच स्वतःची पहिली की नेमावी.