आधी आठवा, मग पान उघडा

परवा बारावीच्या एका मुलाला त्याची आई दवाखान्यात घेऊन आली. "डॉक्टरसाहेब, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचतो आणि सकाळी विचारलं तर कोरा. एखादं टॉनिक लिहून द्या." मी वही मागितली. पानन् पान पिवळ्या पेनाने रंगवलेलं. दहादा वाचलेलं, पण वही मिटून एकदाही आठवून पाहिलेलं नव्हतं. टॉनिक मी लिहिलं नाही.

गिरणा नदीच्या पाटावर ज्यांनी बारे दिलेत, त्यांना पुढचं चटकन कळेल. पाणी सरीच्या तोंडाशी आलं की तेव्हाच फावड्याने तोंड फोडावं लागतं; उशीर झाला की पाणी भलतीकडे. मेंदूतल्या पेशींचा क्षण याहून फार बारीक. एक पेशी चेतली आणि साधारण वीस मिलिसेकंदांच्या आत तिच्या पुढची चेतली, तर दोघींमधला जोड बळकट होतो. पुढची आधी चेतली, तर तोच जोड ढिला पडतो. सोबत चेतणाऱ्या पेशींचं नातं घट्ट होतं, हा मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांचा विचार १९४९चा. कोण आधी याला किती किंमत आहे, ते मेंदूशास्त्रज्ञ मार्क्रम आणि साकमन यांच्या गटाने १९९७मध्ये उंदरांच्या मेंदूवर दाखवलं.

एवढी बारीक वेळ अभ्यासात कुणाला साधणार? ती झोपेत साधत असावी. उंदीर ज्या वाटेने फिरला, त्या वाटेवर चेतलेल्या पेशी झोपेत पुन्हा त्याच क्रमाने चेततात, पण कित्येक पट वेगाने. दिवसा असलेलं सेकंदांचं अंतर मिलिसेकंदांवर येतं. म्हणून माझा पहिला सल्ला झोपेचा: या वयात आठ तास. शेतीची वीज रात्रीची असेल आणि पोरगा वडिलांबरोबर मोटारीवर जागला असेल, तर त्याला पहाटे अभ्यासाला उठवू नका.

दुसरं, एक पान वाचून पुस्तक मिटायचं आणि आठवायची धडपड करायची. अडलं की लगेच पाहायचं. मग उद्या पुन्हा, नंतर चार दिवसांनी.

हे झालं पोरांचं. घरातले आजोबा रोजची वाट चुकत असतील किंवा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असतील, तर मात्र 'वय झालं' म्हणून सोडू नका. बी-१२ आणि थायरॉइड कमी असल्यानेही विसर पडतो. साध्या रक्ततपासणीत ते कळतं आणि औषधाने बऱ्याचदा सुधारतं.