टर्बो नसलेल्या गाडीची ताकद वाढवायची तर?

प्रश्न : मी बर्मिंगहॅमला असतो. माझी २०१३ची टोयोटा जीटी८६ आहे. आधी एअर इनटेक बदलू की एक्झॉस्ट? टर्बो बसवायचा नाही.

उत्तर : दोन्ही राहू द्या. कंपनीचा एअरबॉक्स मुळातच बाहेरची थंड हवा घेतो, त्यामुळे महागड्या इनटेकने आवाज वाढतो, ताकद नावापुरती. मागच्या सायलेन्सरचंही तेच.

तुमच्या गाडीचं खरं दुखणं वेगळं आहे. साधारण ३,५०० ते ४,५०० आरपीएमच्या दरम्यान टॉर्क खाली बसतो. रस्त्यावर ओव्हरटेक करताना सुई नेमकी तिथंच असते. यावर इलाज म्हणजे चांगला हेडर आणि त्याला जुळवून केलेलं ईसीयू ट्यूनिंग. हा खड्डा बऱ्यापैकी भरतो, गाडी चालवायला निराळीच वाटते. ट्यूनिंगशिवाय नुसता हेडर म्हणजे अर्धवट काम.

मात्र या गाडीचा पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हेडरमध्येच असतो. कॅट नसलेला स्वस्त हेडर लावलात तर एमओटीत, म्हणजे वार्षिक तपासणीत, गाडी नापास होईल. विमा कंपनीलाही बदल आधी कळवा. कॉम्प्रेशन १२.५:१ आहे, तेव्हा ट्यूनरला तुम्ही रोज भरता तेच पेट्रोल सांगा. ९८ ऑक्टेनवर ट्यून करून साधं पेट्रोल भरणं इंजिनाच्या जिवावर बेतू शकतं.

कॅमशाफ्ट, पिस्टन वगैरेच्या नादी लागू नका. त्या पैशांत दुसरी जास्त ताकदीची गाडी येते! ट्यूनिंगआधी प्लग आणि ऑइल मात्र बघून घ्या. जुन्या प्लगवर ट्यूनिंग करून घेणारे महाभाग आहेतच.